बालाघाटची जोडी

नोव्हेंबरच्या पहिल्या तारखेला आमचा चांदा जिल्हा मुंबई राज्यात गेला. बालाघाट मध्य प्रदेशात राहिलं. शाळांच्या फुटबॉलचा गट मोडला. ते साल छप्पन्न होतं. मी सोळा वर्षांची होते.

या पौषात दादा गेला. माझा थोरला भाऊ. तेरवी आटोपली, जेवलेली माणसं आपापल्या गावी गेली, आणि मी दुपारी वडशाच्या स्टेशनामागच्या मैदानाकडे एकटीच निघाले. मैदान आता निम्मंच उरलं आहे. उरलेल्या निम्म्यात नाटकाचा मंडप उभा राहत होता. हिवाळा आला की इथे रोज कुठे ना कुठे मंडप लागतोच. बांबू ठोकणं चाललं होतं, ताडपत्रीचा तो उबट वास येत होता. रुळांच्या बाजूला जिथे गोल असायचा तिथे जाऊन मी उभी राहिले, तर स्टेज बांधणाऱ्यांपैकी एक जण म्हणाला, "आजी, तिकिटा संध्याकाळी मिळन. आतापासून जागा धरून राह्यली काय?"

"मी नाटकाले नाई आली बावा," मी म्हटलं.

"मंग काऊन आली?"

तो हसला आणि पुन्हा ठोकायला लागला.

धानाची कापणी झाली की हे मैदान आमच्या ओळखीचं व्हायचं. पावसाळाभर ते म्हशींचं असे. कार्तिकात उरकुडे मास्तर शाळेतल्या पोरांना घेऊन खड्डे बुजवायचे. मास्तर ड्रिल शिकवत, पण त्यांचा जीव फुटबॉलमध्ये. गोलाचे खांब सागवानाचे, ते जंगलाच्या डेपोतून उसने आणलेले; आडवी काठी बांबूची. चुना विकत घ्यायला शाळेकडे काही नसे, म्हणून रेषा तुसाच्या राखेने मारायच्या. वडशाला भातगिरण्या, त्यामुळे घरोघर तुसाची शेगडी पेटे, आणि सामन्याच्या आदल्या दिवशी गल्लीतल्या मुली राखेची टोपली डोक्यावर घेऊन मैदानावर जात. मी पण जात असे. करडी, हलकी राख. बोटांत धरली तर धरल्यासारखी वाटायची नाही. मास्तर वाकून रेषा ओढत मागे मागे सरकायचे आणि वारा आला की थांबायचे.

चेंडूला मोहाच्या बियांचं तेल लावत. दादा गोली होता, म्हणजे गोल राखणारा, त्यामुळे तेल लावायचं काम त्याच्याकडे. पडवीत बसून तो फडक्याने चामडं चोळायचा, शिवणीशिवणीत तेल भरायचा, आणि मग रात्रभर त्याच्या हातांना तो कडवट, जड वास राहायचा. माय त्याला वेगळं वाढायची. म्हणायची, "भाताले हात नको लावू, साऱ्या हांडीले वास येते." दादा मॅट्रिकला दुसऱ्यांदा बसला होता. गावात म्हणत, पास झाला तर संघातून निघावं लागंल, म्हणून नापास होते हा. दादा ऐकून घ्यायचा. तो बोलण्यातला नव्हताच.

आमचा गट म्हणजे छोट्या गाडीच्या, अरुंद रुळांच्या लायनीवरच्या शाळा. इकडे ब्रह्मपुरी, तिकडे गोंदिया, आणि गोंदियाच्या पुढे, गाडी बदलून, बालाघाट. तेव्हा हे सगळं एकच राज्य होतं आणि नागपूर त्याची राजधानी. कोणी कोणाशी खेळायचं ते नागपूरच्या सर्क्युलरात येत असे. बाकी शाळांशी सामने नुसते सामने असत. बालाघाटशी मात्र रीत वेगळी होती. ती कोणी पाडली मला माहीत नाही. मी शाळेत जायला लागले तेव्हा ती होती.

बालाघाटचा संघ आला की तो शाळेत किंवा धर्मशाळेत उतरत नसे. खेळाडूच्या घरी खेळाडू उतरायचा, आणि तोही ज्याची जागा तीच, असा. डाव्या बगलेचा डाव्या बगलेकडे, मधला मधल्याकडे, गोली गोलीकडे. त्याला जोडी म्हणत. आपला संघ तिकडे गेला की त्याच घरी जायचं. सामन्याचा दिवस ठरलेला, संक्रांतीनंतरचा पहिला रविवार. आणि गाव असं ठरायचं: जो जिंकेल तो पुढच्या वर्षी यजमान. बरोबरी झाली तर यंदाच्या यजमानाने पुढच्या वर्षी पाहुणा व्हायचं. बोलावणं धाडायचं नाही. बोलावणं धाडणं म्हणजे समोरच्याला रीत आठवत नाही असं म्हणणं, आणि त्याचा दोन्ही गावांना राग. यजमानाने भात शिजवायचा आणि स्टेशनावर उभं राहायचं, एवढंच.

आमच्या घरी रघुनंदन उतरायचा. बालाघाटचा गोली. उंच, वाकून चालणारा, आमच्या दाराची चौकट त्याला दर वेळी लागायची आणि दर वेळी तो चौकटीला नमस्कार करायचा. त्याचं घर मराठीच, आमच्याच जातीचं, पण बोलण्यात हिंदी अर्धीअधिक. माय त्याच्यासाठी तांदळाचे आयते घालायची, तव्यावर पातळ पीठ ओतून, आणि तो चुलीपुढेच पाटावर बसायचा.

"मायजी, बस करा. उद्या मैदानात गिरून जाईन मी."

"पड ना मंग," माय म्हणायची. "तू पडला तर आमचा फायदाच हाये."

दादा तोंड खाली घालून हसायचा. मी आतल्या खोलीच्या दारात उभी असे. पाहुण्याशी मी बोलावं असं नव्हतं. पण सामन्यानंतर त्याचा सदरा मी धुवायची, रिठ्याच्या पाण्यात, आणि तो दादाच्या सदऱ्याशेजारी दोरीवर वाळायचा. दोघांच्याही कोपरांवर आमच्या मैदानाची राख.

मी सातवीची फायनल पास झाले होते. मुलींसाठी त्यापुढे वडशाला काही नव्हतं. घरात वाचायला म्हणून दादाची पुस्तकं, तीही त्याने न उघडलेली. एका वर्षी रघुनंदनने पिशवीतून दोन पुस्तकं काढली आणि दादाच्या हातात दिली. त्याची बहीण बालाघाटला मुलींच्या हायस्कुलात शिकत होती, तिची जुनी. एक बीजगणित, एक भूमिती, दोन्ही हिंदीत. "आमच्या दीदीने दिली," तो भिंतीकडे बघत म्हणाला. "ती म्हणते, तुमच्याकडे कोणी पढणारं आहे." त्या बीजगणितात प्रत्येक उदाहरण 'मान लो कि' असं सुरू होई. मी ते पुस्तक तुसाच्या शेगडीपाशी बसून, भात शिजेपर्यंतच्या वेळात, पहिल्यापासून शेवटपर्यंत सोडवलं. पाटीवर लिहायची, पुसायची. उत्तर बरोबर आलं की कोणाला दाखवायला नसे. पुढच्या पौषाची वाट बघायला मी तेव्हा शिकले.

पंचावन्न साली सामना बालाघाटला झाला. बरोबरी झाली, म्हणून छप्पन्नच्या संक्रांतीला ते इकडे आले.

त्या सामन्याचं मी जे पाहिलं तेच सांगते. बाया रुळांच्या बाजूला बसत, म्हणजे दादाच्या गोलामागेच. आमचा एक गोल झाला होता, त्यांचा एकही नाही. ऊन उतरलं होतं. माणसं दिसत होती, चेंडू मधेच दिसायचा, मधेच नाही. त्यांच्यातल्या एकाने लांबून मारला. दादा आडवा पडला. चेंडू पोटाशी धरून तो तसाच पालथा राहिला, आणि त्याच्यावर आणखी दोघं येऊन पडले. राख उडाली. सगळे उठले तेव्हा गोलाची रेषा तिथे नव्हतीच. हातभर लांबीची रेषा माणसांच्या कपड्यांवर गेली होती.

बालाघाटची पोरं ओरडली, "आत! आत!"

आमची ओरडली, "भायेर!"

पंच म्हणून जंगलखात्याचे एक रेंजर साहेब असत. ते खाली बसले, जमिनीवर तळहात ठेवून बघत राहिले, उठले, टोपी काढली. म्हणाले, "मी दोन्ही बाजू लिहून नागपूरले पाठवतो. गटाची कमिटी काय तो निकाल देईन." मग त्यांनी शिटी फुंकली आणि खेळ संपला.

चेंडू आत गेला असेल तर बरोबरी. मग पुढच्या वर्षी आम्ही बालाघाटला जायचं. बाहेर असेल तर आम्ही जिंकलो. मग त्यांनी पुन्हा इकडे यायचं. त्या रात्री दोन्ही संघ एकत्र जेवले, पोपटाच्या म्हणजे वालाच्या शेंगा सोलत एकमेकांना चिडवत राहिले. कोणाला काही वाटलं नाही. निकाल येणारच होता.

सकाळी निघताना रघुनंदन बाबांच्या पाया पडला. एरवी तो नुसते हात जोडायचा. मग उभा राहून, पाठ केल्यासारखं म्हणाला, "आईने सांगितलं आहे की पुढच्या साली सामना इकडे असेल तर ती पण संघासोबत येते. तिकडे असेल तर तुम्ही सगळ्यांनी या. मुलीला पण आणा. आमच्याकडे सून पढली तर चालते."

बाबा गिरणीत मुनीम होते. कमी बोलत, पण तोलून बोलत. त्यांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "पाहू ना," ते म्हणाले. बाबांचं 'पाहू ना' म्हणजे होकार. घरात सगळ्यांना ते माहीत होतं.

म्हणजे मॅट्रिक. म्हणजे पाटीऐवजी वही, आणि शेजारी कोणीतरी बसलेली, जिला दाखवता येईल. रघुनंदनचा चेहरा मला त्या वर्षभरात नीट आठवायचा नाही. बालाघाटला मी कधी गेले नव्हते, तरी ते मला दिसायचं. दादाकडून मी तिथलं सगळं काढून घेतलं होतं: स्टेशनातून बाहेर पडलं की डाव्या हाताला रस्ता, मग मोठं तळं, मग मुलींची शाळा, तिची लाल कौलं. दादा कंटाळायचा. "किती वेळा सांगू बाई? शाळा हाये. शाळेसारखी शाळा."

मग नोव्हेंबर आला.

सर्क्युलर मार्गशीर्षात आलं, आणि ते नागपूरच्या जुन्या कमिटीचं नव्हतं. गटांची नवी विभागणी झाली होती. वडसा आता वऱ्हाडातल्या मोठ्या शहरांच्या गटात, गट पूर्वीच्या कितीतरी पट मोठा, सामने तिकडे, नियम छापील. जुनी कमिटी बरखास्त. तिच्याकडे पडलेले निकाल, अर्ज, तक्रारी यांच्याबद्दल त्यात ओळसुद्धा नव्हती. उरकुडे मास्तर ते घेऊन आमच्या पडवीत बसले.

"आता मंग?" बाबांनी विचारलं.

"मंग काय? सर्क्युलर बदललं म्हणून रीत थोडीच बदलते." मास्तरांनी कागदाची घडी घातली. "नागपूरले इचारून आपण त्यायले जेवू घालत होतो काय? येतीन ते. संक्रांतीनंतरचा रविवार."

"इकडेच येतीन नं? का आपल्याले जा लागते?"

"भाऊ, तुमच्या पोरानं पकडला चेंडू. साऱ्या गावानं पाह्यला. आपण जिंकलो, आपण यजमान. इचारून पाहा त्याले."

बाबांनी दादाकडे पाहिलं. दादा चेंडूला तेल लावत होता. त्याने मान वर केली नाही. फडकं मात्र थांबलं, आणि मग पुन्हा फिरायला लागलं. तो होकार समजून मास्तर उठले. एक पत्र टाकलं असतं तर काय झालं असतं, असं मी आयुष्यभर मनात म्हटलं आहे. पण त्या दिवशी मलाही ते सुचलं नाही. पत्र धाडणं म्हणजे अपमान, हे मीही त्याच दुधावर वाढून शिकले होते.

रविवारी पहाटेपासून अकरा घरांत चुली पेटल्या होत्या. नव्या तांदळाचा वास गल्लीभर. माईने मला तिचं हिरवं लुगडं नेसवलं, केसांत शेवंती माळली आणि आतल्या खोलीत बसवलं. रघुनंदनची आई येणार होती ना. स्टेशन आमच्या घरापासून हाकेवर, त्यामुळे गाडीची शिटी, मग डब्यांच्या जोडांचा खडखडाट, मग इंजिनाचं धापा टाकत उभं राहणं, हे सगळं बसल्या जागी ऐकू यायचं. सकाळची गाडी आली. मी पदर सावरला. गाडी गेली. बराच वेळ काही झालं नाही. मग शेजारच्या काकूंचा आवाज आला, "दोन जंगलगार्ड उतरले नं एक कोंबड्यावाली."

"दुपारच्या गाडीनं येतीन," मास्तर म्हणत होते.

दुपारची गाडी आली. त्यातून कोणीच उतरलं नाही. भात गार झाला, माईने तो झाकला, मग तासाभराने झाकण काढून पाण्याचा हबका मारला आणि पुन्हा शेगडीवर ठेवला. बाहेर पडवीत माणसं जमली होती.

"बाप्पा, परराज्यातले झाले नं ते आता," कोणीतरी म्हणालं. "पासपोर्ट लागत असंल."

"मोठे लोक. त्यायचं राज्य मोठं झालं."

"मी म्हणतो, हारले म्हणून आले नाई. तोंड कसं दाखवतीन?"

हसणं ऐकू आलं. बाबांचं हसणं त्यात नव्हतं. संध्याकाळची गाडी पण गेली तेव्हा त्यांनी सांगितलं, ज्याला भूक आहे त्याने जेवून घ्या. गल्लीतली पोरं पंगतीला बसली. दादा स्टेशनावरून आला नव्हता. माझ्याकडे कोणी आलं नाही. शेवंती मी स्वतःच काढली, लुगडं स्वतःच घडी केलं. आतल्या खोलीला एक खिडकी होती, गज लावलेली, ती तुसाच्या ढिगाकडे उघडायची. तिच्यातून दुसरं काही दिसत नसे.

मुलगी नेसवून बसवली आणि कोणी आलं नाही, ही बातमी आठवड्यात आरमोरीपर्यंत पोचली. आरमोरीच्या बाजारात बाबांचा एक ओळखीचा व्यापारी होता, धानाचा. त्याच्या मुलाचं बोलणं निघालं, आणि माघातच सुपारी फुटली. घाई कसली होती ते मला कोणी सांगितलं नाही. सांगायची गरजही नव्हती.

त्याच महिन्यात दादाचा संघ नव्या गटातला पहिला सामना खेळायला वऱ्हाडात गेला. दोन दिवसांचा प्रवास. तिकडे संघाला शाळेच्या एका वर्गात उतरवलं, सगळ्यांना एका रांगेत, बाकं भिंतीला लावून. जेवायला कुपनं होती. समोरच्यांच्या पायांत बूट होते. दादा परत आला तेव्हा त्याच्या पायाच्या अंगठ्याचं नख नव्हतं. माईने हळद भरली. तिने विचारलं, "कोणाच्या घरी उतरला होता?"

"कोणाच्याच नाई," दादा म्हणाला. मग पाय मागे घेत म्हणाला, "त्यायच्या गोलीचं नावपण मले माहीत नाई."

तो त्याचा शेवटचा सामना. पुढच्या वर्षी शाळेने संघ पाठवला नाही.

फाल्गुनात छोट्या गाडीचे गार्डबाबू आमच्याकडे चहाला आले. गाडी क्रॉसिंगला थांबली की ते कधी कधी येत. गोंदियाचे, गप्पिष्ट. बशीत चहा ओतता ओतता म्हणाले, "मुनीमजी, एक बात बोलू? तुमच्या गाववाल्यांनी चांगलं नाही केलं. बालाघाटवाल्यांशी असं करायला नको होतं."

"काय केलं आम्ही?" बाबा म्हणाले.

"अरे, संक्रांतीच्या रविवारी त्यांनी स्टेशनावर बाजा लावला होता. तिकडच्या लायनीचा गार्ड मला सांगत होता. चिन्नोर तांदळाचा भात शिजवला, पूरा संघ हार घेऊन उभा. एका बाईने तर म्हणे घरातून पालखीसारखी बैलगाडी सजवून आणली होती, कोणा मुलीला बसवून न्यायला. तीन गाड्या बघितल्या त्यांनी. तुमचं कोणी उतरलं नाही."

माईच्या हातातलं भांडं तिच्या हातातच राहिलं. मी दारात होते.

"पण यायचं तर त्यायले होतं," बाबा म्हणाले. "आम्ही जिंकलो."

"ते म्हणतात बरोबरी झाली. तुम्हीच जायचं होतं." गार्डबाबूंनी बशी खाली ठेवली. त्यांना आता कळलं होतं. "म्हणजे... इकडे पण?"

इंजिनाने शिटी दिली आणि ते उठून गेले.

दादा म्हणाला, "मी जातो. उद्या सकाळच्या गाडीनं. जाऊन सांगतो त्यायले."

"काय सांगशील?" बाबांचा आवाज चढला नाही. "सुपारी फुटली हाये. आरमोरीवाल्यायले कोणत्या तोंडानं सांगू मी? एकदा पोरगी नेसून बसली, आता दुसऱ्यांदा मोडली म्हणू?"

"चूक तर कोणाचीच नाई न बाबा."

"म्हणूनच." बाबा एवढंच म्हणाले आणि अंगरखा घालून गिरणीत गेले.

दादा दुसऱ्या दिवशी गेला. बाबांनी त्याला पाहिलं आणि अडवलं नाही. मी दिवसभर मोहफुलं निवडत होते. माईने अंगणभर ती वाळत घातली होती, त्यांचा गोड, नासका वास कपड्यांत बसला होता. निवडता निवडता मी मनात गाडीबरोबर चालत होते. आता अर्जुनी. आता गोंदिया, आता तो गाडी बदलेल. आता तळं. आता लाल कौलं. त्या दिवशी मी जेवढी बालाघाटजवळ पोचले तेवढी पुन्हा कधी पोचले नाही.

तो त्याच संध्याकाळी परत आला. बालाघाटला जाऊन त्याच संध्याकाळी परत येता येत नसे. पाय धुताना त्याने मला हाक मारली.

"बाई."

"काय?"

"गोंदियापर्यंत गेलो. तिकडची गाडी लागली होती." त्याने तांब्या पालथा घातला. "बसलो नाई."

मी का ते विचारलं नाही. दादाने सांगितलं नाही. वैशाखात माझं लग्न झालं.

आरमोरीचं घर मोठं होतं, चौकाचं, धानाच्या कोठ्यांनी भरलेलं. माणसं वाईट नव्हती. हे मी नेहमी सांगते, कारण ऐकणाऱ्याला वेगळं वाटतं. काही वर्षांनी सासऱ्यांनी मला प्राथमिक शाळेत शिकवायला जाऊ दिलं, फायनल पास होते म्हणून. नवरा संध्याकाळी वर्तमानपत्र आणून द्यायचा आणि मी वाचून होईपर्यंत दिवा मालवायचा नाही. पण आरमोरीला गाडी नाही. पहिल्या वर्षी पहाटे मी उठून बसायची आणि कान देऊन राहायची. वाऱ्याची दिशा कशीही असो, शिटी ऐकू येत नसे. नंतर कोठ्यांमधल्या उंदरांचा आवाज ओळखीचा झाला. चौकात उभं राहिलं की चारी बाजूंनी छप्पर आणि वर चौकटीएवढं आभाळ. मुलांना मी बेरजा शिकवत राहिले. शिकवताना 'मान लो' असं तोंडात यायचं, आणि ती हसायची.

कोणी विचारील, नंतर कधी का नाही गेलीस. नवरा घेऊन गेला असता. पुढे पुतण्यांच्या गाड्या झाल्या. पण जायचं कोणाकडे? घरात सांगायचं काय? बालाघाटला आमचं नातं नव्हतं, सामना होता. नात्याला नाव असतं, मग त्या नावाने मावशीकडे, मामाकडे, कुठेही जाता येतं. जोडीला गटाबाहेर नाव नव्हतं. गट मोडल्यावर रघुनंदन आमचा कोण, हे त्यालाही सांगता आलं नसतं. त्याचं पुढे काय झालं ते आमच्या घरात कोणाला कळलं नाही. दादा आणि तो पुन्हा भेटले नाहीत.

दादाने लग्न केलं, बाबांच्या जागी गिरणीत लागला, म्हातारा झाला. बायको त्याच्या आधी गेली. शेवटच्या महिन्यात मी वडशाला त्याच्यापाशी राहायला आले होते. तो अंथरुणातच असे. दुपारी उन्हाची पट्टी खाटेवर यायची तेव्हा तो हात तिच्यात धरायचा. हात अजून मोठे होते. एका दुपारी मी त्याला मऊ भात भरवत होते आणि भरवता भरवताच विचारलं. इतकी वर्षं धरून ठेवलेलं असं जेवणातच निघालं.

"दादा, चेंडू आत होता का बाहेर?"

त्याला काय विचारलं ते लगेच कळलं. त्याने घास गिळला.

"मले काय माहीत," तो म्हणाला.

"तूच तर धरला होता."

"धरला होता. पण मी डोये मिटले होते बाई. तो जोरात आला. मले भेव वाटला." त्याने उन्हातला हात मागे घेतला. "उघडले तं अंगावर माणसंच माणसं. राख."

"मग तवा सांगितलं काऊन नाई?"

"सारे म्हणत होते, पकडला, पकडला. मले वाटलं, पकडलाच असन." त्याने तोंड भिंतीकडे वळवलं. तसाच म्हणाला, "गोंदियाले म्हणूनच बसलो नाई गाडीत. हेच तं सांगता आलं नसतं मले. त्यानं इचारलं असतं, आत होता काय म्हणून. गोली गोलीले खोटं नाई सांगत."

मी वाटी खाली ठेवली. त्याच्या अंगावरचं पांघरूण नीट केलं. राग यायला हवा होता, तो शोधूनही सापडला नाही. पंधरा दिवसांनी तो गेला.

मैदानावरून परतताना मी स्टेशनाच्या पुलावर थोडी थांबले. रूळ रुंद झाले आहेत. गोंदियाकडची गाडी आली, माणसं उतरली, चढली, आणि ती गेली. सकाळी इथून निघालं तर दुपारी बालाघाटला पोचता येतं, असं तिकिटाच्या खिडकीतल्या मुलीने सांगितलं. मी तिला विचारलं होतं. तिकीट काढलं नाही.

उद्या पुतण्या मला आरमोरीला सोडणार आहे. दादाचं घर विकायचं ठरलं आहे. आमच्या संघातलं आता कोणी जिवंत नाही. मी आरमोरीत राहते. बालाघाट मी पाहिलेलं नाही.